स्प्रिंगचा रोलर पडदा: एक थांबत नाही, दुसरा वर जात नाही

संत्रानगरी
नमस्कार मंडळी. प्रश्न पडद्याचा आहे पण शिवणकामाचा नाही, आतल्या यंत्राचा आहे, म्हणून इथे विचारतेय.

आमच्याकडे दोन रोलर पडदे आहेत, स्प्रिंगवाले. म्हणजे साखळी नाही, दोरी नाही, खालची पट्टी धरून ओढायचं, हवं तिथे सोडलं की थांबतो, आणि परत जरासं खाली ओढून सोडलं की आपोआप वर गुंडाळला जातो. पुण्यात असताना घेतले होते, चार वर्षांत एकदाही तक्रार नाही. गेल्या महिन्यात नागपूरला शिफ्ट झालो. सामान हलवणाऱ्या पोरांनी पडदे काढून दिले, इथे ओळखीतल्या सुतारकाकांनी लावले. दोन्ही खिडक्या पश्चिमेच्या, चार फूट रुंद पाच फूट उंच.

आता बेडरूमचा पडदा खाली ओढला की थांबतच नाही, हात सोडला की सुसाट वर. हॉलचा थांबतो नीट, पण वर जाताना अर्ध्यातच दमतो, उरलेला हाताने गुंडाळावा लागतो.

एका दुकानात विचारलं तर पडदा न बघताच उत्तर मिळालं, "स्प्रिंग गेली मॅडम, दोन्ही बदला, आता सगळे मोटरवालेच घेतात." दोन्ही स्प्रिंगा एकाच ट्रकमध्ये एकाच दिवशी कशा जातील, मला हे पटत नाहीये. साखळीवाला नको कारण लेक दोन वर्षांची आहे. दुपारी साडेतीनला ऊन बरोबर तिच्या गादीवर येतं. सध्या बेडरूमचा पडदा खाली ओढून कपड्यांचे चिमटे लावून ठेवलाय. आत नक्की काय असतं? उघडून बघू का?

तेजस_बी
उघडू नका!! आधी इथे कोणीतरी जाणकार येऊ देत. स्प्रिंग भरलेली असेल तर बोटं सांभाळा.

गच्चीवरून
आमच्याकडे पण असाच होता, शेवटी काढून टाकला आणि साखळीवाला लावला. सहा वर्षं झाली काही त्रास नाही. साखळी वर खुंटीला गुंडाळून ठेवायची, मुलांचा हात पोचत नाही.

कवडसा
@गच्चीवरून दादा, खुंटी रोज आठवणीने कोण बघणार? लोंबणारी साखळी म्हणजे गळफासाचाच आकार असतो. म्हणूनच अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना बिनदोरीचं असणं, नाहीतर दोरी हाताला न लागेल अशी असणं, हे तिथल्या मानकात घातलंय. ताईंचं बरोबर आहे, दोन वर्षांच्या मुलीच्या खोलीत स्प्रिंगच पाहिजे.

शटरवाला_सोलापूर
ताई मी पडदे नाय करत, दुकानाची शटरं करतो, पंचवीस वर्ष झाली. पण तुमचा पडदा आन आमचं शटर मावसभाऊच लागतात. शटर खाली वढलं की वरच्या पाइपावरची स्प्रिंग पिळली जाते, वर ढकललं की तीच स्प्रिंग हाताला मदत करते. म्हणून एवढं जड शटर एक माणूस उचलतो. स्प्रिंग ढिली पडली की शटर अर्ध्यात जड लागतं, मग आमी काय करतो, स्प्रिंगला दोन फेरे जास्त देतो. नवीन घालत नाय. तुमचा हॉलचा पडदा मला तसाच केस वाटतोय. फेरे कमी झालेत. स्प्रिंग गेली नाय, स्प्रिंग उतरली.

संत्रानगरी
@शटरवाला_सोलापूर दादा, "उतरली" हा शब्द एकदम पटला. आता आठवतंय, पुण्यात ती पोरं हॉलचा पडदा काढत होती तेव्हा भर्रर्र असा आवाज झाला होता आणि एकजण "आई गं" म्हणून हात झटकत होता. मी चहा टाकायला आत गेले होते.

पियानोवायर
तो भर्रर्र म्हणजेच तुमच्या हॉलच्या पडद्याचा आजार. नीट सांगतो, थोडं लांबेल. माझ्या वडिलांचा भोसरीत स्प्रिंगचा वर्कशॉप होता, मी स्वतः मेकॅनिकल केलंय, आणि या पडद्यांसाठी स्प्रिंगा आम्ही बरीच वर्षं गुंडाळल्या आहेत.

वरचा गोल पाइप पोकळ असतो. त्याच्या एका टोकाला साधी गोल पिन, ती ब्रॅकेटच्या भोकात मोकळी फिरते. दुसऱ्या टोकाला चपटी पिन, पात म्हणतात तिला, ती ब्रॅकेटच्या खाचेत बसते आणि फिरत नाही. या न फिरणाऱ्या पातीला आत एक दांडी जोडलेली, दांडीवर लांबलचक बारीक स्प्रिंग, स्प्रिंगचं एक टोक दांडीला आणि दुसरं टोक पाइपाला अडकवलेलं. म्हणजे पडदा खाली ओढला की पाइप फिरतो, दांडी जागच्या जागी, आणि मधली स्प्रिंग पिळली जाते. जितका पडदा खाली तितके पीळ जास्त. पडदा वर नेणारी ताकद दुसरी कुठलीच नाही, तुम्हीच खाली ओढताना भरलेली असते.

आता महत्त्वाचं. पडदा पूर्ण वर गुंडाळलेला असतानाही स्प्रिंगमध्ये काही फेरे आधीच भरलेले असावे लागतात. कारण तेव्हाही खालच्या पट्टीचं वजन लोंबत असतंच. तुमच्या मापाचा हिशोब करून बघितला. पाइप ३२ मिमी, कापड चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं, जाडी ०.४ मिमी, खालची पट्टी ४०० ग्रॅम धरली. पडदा वर असताना फक्त पट्टी लोंबते, पण गुंडाळी जाड झालेली असते, त्रिज्या २.१ सेंमी, म्हणजे स्प्रिंगला ०.८४ किलो-सेंमीचा (लोंबणारं वजन गुणिले त्रिज्या) पीळ पेलायचा. पडदा पूर्ण खाली असताना कापड आणि पट्टी मिळून ९४० ग्रॅम, त्रिज्या १.६ सेंमी, म्हणजे दीड किलो-सेंमी. मधे पाइप तेरा फेरे फिरतो.

स्प्रिंग समजा दर फेऱ्याला ०.०८ किलो-सेंमी देते. तर वर टेकताना ०.८४ हवं म्हणजे साडेदहा फेरे आधीच भरलेले पाहिजेत, आणि घर्षणाचे एक-दीड जास्तीचे, म्हणजे बारा धरा. आता त्यातले तीनच उतरले असं समजा, राहिले नऊ. खालून निघताना नऊ आणि तेरा बावीस फेरे, १.७६ ताकद, दीडला भारी, पडदा निघतो. अर्ध्यात पोचतो तेव्हा स्प्रिंगची १.२४ आणि वजनाची १.२५. संपलं. तिथेच थांबला. ताई, तुमचा पडदा नेमका "अर्ध्यातच दमतो" म्हणालात ना? फरक दोन-तीन फेऱ्यांचाच असणार. यासाठी नवीन पडदा घ्यायला लावणं बरोबर नाही.

तेजस_बी
_/\_ इतक्या नीट कॉलेजात पण कोणी शिकवलं नव्हतं. पण मग एक सांगा, खालून सोडला की इतक्या जोरात का पळतो आणि वर जाताना हळू होतो?

पियानोवायर
त्याच आकड्यात उत्तर आहे. बारा फेरे भरलेले असतील तर तळाशी स्प्रिंग पंचवीस फेरे पिळलेली, ताकद दोन किलो-सेंमी, वजन दीडचं. अर्ध्याची बढत. वर पोचताना ०.९६ विरुद्ध ०.८४, बढत संपत आलेली. बढत सगळीकडे सारखी ठेवायची तर स्प्रिंग मऊ आणि लांब घ्यायची आणि आधीचे फेरे जास्त भरायचे. स्वस्तातले लोक तार वाचवतात, आखूड कडक स्प्रिंग घालतात, मग पडदा खालून गोळीसारखा सुटतो. तारेचा व्यास १ मिमीचा १.२ केला ना, तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग दुपटीहून कडक होते, कारण व्यासाचा चौथा घात लागतो. मग तेवढाच मऊपणा हवा असेल तर वेटोळी दुप्पट करावी लागतात. तार महाग, लांबी जास्त, पण तारेवर ताण कमी येतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. आमचे वडील कधी १ मिमी वापरायचे नाहीत या मापाला, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करू दे.

मृण्मयी_न्यू_जर्सी
वाह, अगदी जिव्हाळ्याचा धागा. माझ्या घराजवळची गोष्ट सांगते. आमच्या इथे शॉर्ट हिल्स नावाचं गाव आहे, ट्रेनने न्यूयॉर्कला जाणारी खूप मंडळी राहतात, आपलेही बरेच लोक. ते गाव वसवलंय स्टुअर्ट हार्टशॉर्न या माणसाने, आणि त्याचा पैसा आला कुठून, तर याच पडद्यातून! स्प्रिंग रोलरचं पेटंट त्याने १८६४ साली घेतलं, पडदे घराघरात गेले, आणि १८७७ पासून त्याने इथे जमीन घेऊन आपल्या मनासारखं गाव उभारायला घेतलं. त्याच्या मुलीच्या, कोरा हार्टशॉर्नच्या नावाची छान वृक्षबाग आहे, आम्ही मुलांना घेऊन पक्षी बघायला जातो. तिथे पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी घरी येऊन खिडकीचा पडदा चारदा वरखाली करून बघितला होता.

इथल्या जुन्या घरांत अजून तसले पडदे आहेत, लाकडी रोलरचे. आम्ही भाड्याच्या घरात होतो तिथे रात्री दोन वाजता एक पडदा आपणहून सुटला आणि फटाक्कन वर. सासूबाई पहिल्यांदाच आलेल्या इंडियातून, त्या रामरक्षा म्हणायला लागल्या :)

आजोबांची_छत्री
@मृण्मयी, सासूबाईंचं काही चुकलं नाही, आमच्या चाळीत असा आवाज झाला असता तर सगळा मजला गोळा झाला असता.

हे पडदे आले नव्हते तेव्हा आमच्याकडे अकोल्याला वाळ्याच्या ताट्या असायच्या. दुपारी दर तासाला पाणी मारायचं काम मुलांकडे. तो वास आणि तो गारवा कुठल्याच पडद्याला नाही. खिडकीच्या बाहेर असायच्या त्या, हे लक्षात घ्या.

कवडसा
काका, अगदी मुद्द्याचं बोललात. ऊन काचेच्या आत आलं की आलंच. आतला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो, थोडं परत फेकतो, पण कापड तापतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडवलं तर काच उन्हाने फारशी तापत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा जाळी आणि आतून हा रोलर असं दोन्ही केलंत तर लेकीच्या गादीपाशी खरा फरक पडेल. रोलरचं मागचं कापड पांढरं असेल तर पांढरी बाजू काचेकडे करा.

देवगडकर
बाहेर लावायचा असेल तर आमच्याकडचा अनुभव ऐका. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. बाल्कनीत स्प्रिंगवाला लावला होता, दुसऱ्याच पावसाळ्यानंतर उघडला तर स्प्रिंगवर तांबडी पूड. तेल पाजलं, थोडे दिवस चालला, मग थांबायचाच बंद. संत्रानगरी ताईंच्या बेडरूमसारखाच. म्हणून माझं म्हणणं, त्यांनी आधी शिलाई मशीनचं तेल सोडून बघावं, दहा रुपयांचं काम.

पियानोवायर
देवगडकर काका, इथे मात्र माझा ठाम विरोध. तेल सोडू नका. तुमचा पडदा थांबायचा बंद झाला तो तेलामुळेच, गंजामुळे नाही.

थांबवणारी गोष्ट स्प्रिंगमध्ये नसते. चपट्या पातीच्या बाजूला टोपणाखाली दोन इवल्या लोखंडी खिट्ट्या असतात. सायकलच्या फ्रीव्हीलमधले कुत्रे, म्हणजे दातांत अडकणारे छोटे तुकडे, आठवा, त्याच जातीच्या. या पाइपाबरोबर फिरतात, आणि मधल्या न फिरणाऱ्या दांडीवर खाचा असतात. पडदा हळू फिरत असेल तर वर आलेली खिट्टी आपल्या वजनाने खाली पडते आणि खाचेत अडकते. पडदा थांबला. पडदा जोरात फिरत असेल तर खिट्ट्या फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलेल्या राहतात, खाचेत पडायला त्यांना वेळच मिळत नाही, आणि पडदा थेट वर. म्हणून आपण थांबवताना हळूच सोडतो, आणि वर न्यायचा असला की जरासं खाली ओढून (खिट्टी खाचेतून निघते) झटकन सोडतो. यात बटण नाही, दुसरी बारकी स्प्रिंग नाही, नुसतं खिट्टीचं वजन आणि फिरण्याचा वेग. १६० वर्षांपूर्वीच्या माणसाने हे शोधलं याचं मला अजून नवल वाटतं.

तर तेल. तेलावर धूळ बसते, त्याचा चिकटा होतो, आणि तांदळाएवढी खिट्टी त्या चिकट्यात अडकून पडते. मग ती आपल्या वजनाने पडणार कशी? तिथे कोरडंच ठेवायचं. फार तर पेन्सिलचं शिसं किसून त्याची पूड. स्प्रिंगला बनवतानाच पातळ ग्रीसचा हात दिलेला असतो तो वेगळा, आणि समुद्राकाठी असाल तर स्टेनलेसची स्प्रिंग मागून घ्या.

देवगडकर
असं होय. मान्य. पातीची बाजू रॉकेलने धुऊन बघतो, पडदा अजून माळ्यावर आहे.

मास्तर_सातारा
आमच्या कॉलेजातला प्रोजेक्टरचा स्क्रीन हेच करतो! खाली ओढला की थांबत नाही म्हणून पोरं त्याला वीट बांधतात. म्हणजे त्याचीही खिट्टीच असणार. सोमवारी प्यूनमामांना घेऊन उघडतो.

गच्चीवरून
पण एवढं करण्यापेक्षा मोटर काय वाईट? रिमोट दाबा, झालं.

शटरवाला_सोलापूर
मोटर वाईट नाय हो भाऊ. पण मोटरीला लाईट लागते, बॅटरी लागते, कार्ड जळतं. स्प्रिंगीला काय लागतं, तुमचाच हात. आमची काही शटरं ३०-३० वर्ष जुनी हायेत, दर साली ग्रीस, बास.

कवडसा
हॉलमध्ये चौदा फूट रुंदीची एकच खिडकी असेल तर मोटर घ्यावी, कबूल. चार फुटाला कशाला.

संत्रानगरी
सगळ्यांचे खूप खूप आभार. हॉलचं कसं दुरुस्त करायचं ते कोणी पायरीपायरीने सांगेल का? आणि बेडरूमचा उघडून खिट्ट्या बघते. तेल कोणी टाकलेलं नाही, एवढं नक्की.

पियानोवायर
हॉलचा: खिट्टी चांगली आहे त्यामुळे सोपं. पडदा अर्ध्यापर्यंत खाली ओढा, हळू सोडून थांबवा, टिक वाजली पाहिजे. आता तसाच दोन्ही ब्रॅकेटमधून काढा, पातीला हात न लावता, कारण आत्ता सगळा पीळ त्या खिट्टीवर तोललाय. पाइप खाली टेबलावर ठेवून लोंबणारं कापड हाताने घट्ट गुंडाळा, परत लावा. झाले सहा फेरे जास्तीचे. पडदा तेवढाच गुंडाळलेला पण स्प्रिंग सहा फेरे पुढे. फार जोरात जायला लागला तर उलटं करायचं, पूर्ण वर असताना काढा, हाताने थोडं कापड सोडा, परत लावा, तेवढे फेरे कमी होतील. दोघांनी मिळून करा. आणि पात भरलेली असताना पकडीने फिरवायला जाऊ नका, त्या पोराचा "आई गं" त्यातलाच.

लावताना कापड तिरकं गुंडाळलं जात असेल तर पाइप लेव्हलमध्ये आहे का बघा आधी. लेव्हल असूनही कापड डावीकडे सरकत असेल तर पाइपाच्या उजव्या टोकाला कापडाखाली चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचा. ते टोक जरा जाड झालं की कापड तिकडे वळतं.

तेजस_बी
पियानोवायर दादा, एक विचारू? स्प्रिंग पिळली की आत दांडीवर आवळून बसत नाही का?

पियानोवायर
हाच खरा डिझाइनचा प्रश्न. पिळताना स्प्रिंगचा व्यास कमी होतो आणि वेटोळी वाढतात, म्हणजे लांबी पण वाढते, प्रत्येक फेऱ्याला एका तारेइतकी. पाचशे वेटोळ्यांची १५ मिमीची स्प्रिंग तीस फेरे पिळली की १४ च्या आसपास येते. दांडी जाड घेतली की स्प्रिंग तिला चावते, आणि पडदा मधेच कुरकुरत थांबतो. दांडी फार बारीक घेतली तर लांब स्प्रिंग आतल्या आत नागासारखी वळवळते आणि पाइपाला आपटते, तो खडखड आवाज. मधलं माप काढणं हीच कला. शिवाय स्प्रिंग पिळताना आवळली पाहिजे, उलगडली नाही पाहिजे. त्यामुळे पडदा उजव्या हाताचा की डाव्या हाताचा, कापड काचेच्या बाजूने उतरतं की खोलीच्या बाजूने, यावर स्प्रिंग कुठल्या दिशेला गुंडाळायची ते ठरतं. उलट लावली की थोड्या दिवसांत वाकडी होते. वडील गुंडाळीवर लाल आणि निळा रंग लावायचे, चूक नको म्हणून.

संत्रानगरी
अपडेट देते!! काल रविवार, नवऱ्याला आणि दिराला कामाला लावलं.

हॉलचा अगदी तुम्ही सांगितलं तसं केला. पहिल्यांदा अर्धा ओढून सहा फेरे भरले तर काय सांगू, ठाप्पकन वर जाऊन पट्टी पाइपावर आपटली, लेक दचकून रडायला लागली. मग काढला, हाताने पाव पडदा सोडला, परत लावला. आता इतका सुंदर जातो वर, शेवटची वीतभर तर अगदी हळू. म्हणजे खरंच दोन-तीन फेऱ्यांचाच प्रश्न होता.

पण बेडरूमचा नाही जमला. वर्तमानपत्रावर ठेवून टोपण काढलं. दोन खिट्ट्या दिसल्या, बोटाने हलवल्या तर मोकळ्या हलतात, तेल नाही, धूळ नाही, खाचा पण धारदार आहेत. हातात पाइप धरून फिरवला की टिक टिक व्यवस्थित अडकतो! भिंतीवर लावला की नाही अडकत. हे कसं?

मास्तर_सातारा
भिंतीवर नाही, हातात चालतो... पाइप तिरका आहे का?

संत्रानगरी
नाही सर, लेव्हल लावून बघितली.

शटरवाला_सोलापूर
ताई, बेडरूमचं ब्रॅकेट आन हॉलचं ब्रॅकेट एकच हाय का? फोटू टाका.

संत्रानगरी
अरे हो, बेडरूमचं एक ब्रॅकेट सामान हलवताना हरवलं होतं. सुतारकाकांनी ॲल्युमिनियमच्या अँगलला खाच कापून बनवून दिलं. फोटो टाकते, डावीकडचं हॉलचं, उजवीकडचं बेडरूमचं.

शटरवाला_सोलापूर
घ्या. सापडलं. हॉलची खाच उभी हाय, बेडरूमची आडवी.

पियानोवायर
सोलापूरकर, मान गये! मी दोन दिवस खिट्टी, तेल, कडकपणा करत बसलो आणि ब्रॅकेट विचारलंच नाही.

ताई, समजावतो. दांडीवरच्या खाचा पातीच्या हिशोबाने कापलेल्या असतात. पात उभी बसली की खाच बरोबर वरच्या बाजूला येते, आणि खिट्टी वर आली की आपल्या वजनाने त्यात पडते. पात आडवी बसवली की दांडी नव्वद अंशात वळली, खाच बाजूला गेली. आता खाचेसमोर येते तेव्हा खिट्टी आडवी असते, तिचं वजन तिला खाचेत ढकलतच नाही. वर येते तेव्हा खाली खाचच नाही. हातात धरून फिरवताना तुम्ही नकळत पात उभी धरली असणार म्हणून टिक वाजली. याच कारणाने या पद्धतीचा रोलर उभा लावून बाजूला ओढायचा पडदा करता येत नाही, तिथे वेगळा अडकाव लागतो, गोळी आणि वळणाच्या खाचेचा.

सुतारकाकांना बोल लावू नका, पात कशी बसते हे त्यांना कोणी सांगितलंच नसणार. खाच त्यांनी सफाईने कापलीय.

कवडसा
किती छान. मी स्वतःच्या घरातलं ब्रॅकेट जाऊन बघून आले, उभी आहे खाच. दहा वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं.

मृण्मयी_न्यू_जर्सी
आमच्या जुन्या घरातला रात्री दोनला सुटणारा पडदा! त्याचं ब्रॅकेट घरमालकाने रंग देताना काढून परत ठोकलं होतं. आता तिथे राहणाऱ्यांना कळवते.

संत्रानगरी
सुतारकाका संध्याकाळी येऊन गेले. त्यांना फोटो दाखवला, खिट्टी दाखवली, त्यांनी स्वतः पाइप हातात घेऊन पात उभी-आडवी करून बघितलं आणि म्हणाले, "असं असतंय होय!" नवीन तुकड्याला उभी खाच कापली, पैसे घेतले नाहीत. पडदा लावला, खाली ओढला, हळू सोडला. टिक.

चिमटे परत बाल्कनीत गेले. कालपासून लेक प्रत्येक वेळी पडदा थांबला की "तिक" म्हणते.

देवगडकर
अभिनंदन ताई. माझा माळ्यावरचा काढला, पातीची बाजू धुतली, काळा चिकटा निघाला वाटीभर. खिट्ट्या सुटल्या. पण स्प्रिंग मधोमध तुटलीय गंजून. पियानोवायर, स्टेनलेसची कुठे गुंडाळून मिळेल?

पियानोवायर
काका, तुटलेली स्प्रिंग फेकू नका. तारेचा व्यास, बाहेरचा व्यास, दोन्ही तुकड्यांची मिळून वेटोळी मोजून सांगा, आणि पात डाव्या हाताला आहे की उजव्या ते. तारेचा व्यास व्हर्नियरनेच (बारीक मापं मोजायची पट्टी) मोजा, आणि गंज घासून मग मोजा. स्टेनलेस जरा मऊ पडतं पियानो वायरपेक्षा (स्प्रिंगची नेहमीची कडक पोलादी तार), त्यामुळे वेटोळी थोडी कमी करावी लागतील, ते मी काढून देतो.

देवगडकर
व्हर्नियर शाळेतून आणतो उद्या.